माहेरी जाणारी माती

तात्यांच्या रानातून निघताना चपला झटकाव्या लागत. देवळात शिरताना आपण पाय धुतो, इथं नियम बाहेर पडतानाचा. तलाठ्यांचीही सुटका नसे. "साहेब, आमची माती गावात कशाला नेता," असं म्हणून तात्या त्यांच्या बुटांकडे बघत उभे राहायचे. तलाठ्यांनी बूट काढून झटकलेले मी स्वतः पाहिले आहेत.

राजूरकडच्या उतारावर त्यांचं रान वर आणि आमचं खाली. दर पावसाळ्यात त्यांची माती वाहून आमच्याकडे यायची, वर मुरूम उघडा पडायचा. उन्हाळ्यात तात्या टोपलं घेऊन ती परत न्यायला येत. गावानं त्यांना येड्यात काढलं होतं. पण मुरमावर ज्वारी येत नाही, आणि त्यांना दुसरं रान नव्हतं.

मी नवी सून होते, त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी त्यांचं टोपलं धरलं. म्हणाले, "आमच्या रानात आली ती आमची."

"कुणाची लेक पाव्हणी आली म्हणून तुमची होते का, भाऊ?"

"पाव्हणी कशाची? सून हाय ती. आली ती कायमची."

तात्या माझ्याकडे वळले. "मंग सुनेलाच विचारा."

मी पदर सावरला. मी सासऱ्यांना म्हणाले, "सुनेला वर्षातून एकदा माहेरी धाडतात, मामा."

सासऱ्यांनी टोपलं सोडलं. त्या वर्षी मलाही न मागता माहेरी पाठवलं.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळं गाव सडकेच्या कामावर गेलं. तात्या दिवसभर खडी फोडत आणि परतताना दोन्ही रानांच्या मधल्या बांधावर दगड रचत. "सडकेनं माणसं निसती जात्यात. माती तरी राहू द्या," म्हणायचे. सासरे पंधरा दिवस संध्याकाळी नुसते बघत बसले. सोळाव्या दिवशी त्यांनीही दगड उचलला. "बसून बसून पाठ दुखून राह्यली," एवढंच बोलले. बांध कमरेएवढा झाला आणि पुढच्या पावसाळ्यापासून माती वरच राहू लागली. तरी उन्हाळ्यात तात्या सवयीनं रिकामं टोपलं घेऊन खाली येत, चहा पिऊन परत जात.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी पोरांना बजावलं, "राख नदीत सोडू नका. वापस उचलून आणायला मी न्हाई."

राख त्यांच्याच रानात, बांधाच्या वरच्या अंगाला मिसळली. माणसं निघाली. सासरे बांधाशी थांबले, चपला काढल्या आणि एकेक करून नीट झटकल्या. मला रडू आवरेना. तशीच थांबून मीही झटकल्या.