अहोंचा नंबर

महिना झाला. फोनवर ‘काकू’ ही अक्षरं उमटली म्हणून मी नेहमीसारखं ‘बोल गं’ म्हटलं... पलीकडे काका होते. तिच्या फोनवरून त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं.

झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या दोन खोल्यांत काकूने मला वाढवलं. तिला अक्षरओळख नव्हती, माझं बी.ए.चं प्रमाणपत्र मात्र तिने देवांच्या वर टांगलं. घराण्यातली पहिली पदवी, त्याचा ताठा मला आजही आहे. ग्वाल्हेरला नोकरी लागल्यावर मी तिला स्मार्टफोन घेऊन दिला. तिला दमा, आणि काका दिवसभर स्टेशनजवळच्या बियाण्यांच्या दुकानात. वाचता येत नाही तर नाव बोलायचं, फोन आपोआप लागतो, हे शिकवलं. काकांचं नाव मी आडनावासकट नीट टाकलं... शिकलेली ना मी!

एका दुपारी तिला जोराची धाप लागली. शेजारीण वाटी परत द्यायला आली म्हणून वाचली. फोन हातातच होता. मी झाशीला धावत आले आणि चिडले.

“जीव जात होता, आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजलीस?”

“उखाण्यात घेतलं असतं, बिन्नू,” ती म्हणाली, “पण तेवढा दम कुठे होता?”

“मग माझं घ्यायचंस!”

“तू काय ग्वाल्हेरहून उडत येणार होतीस?”

लग्नात एकदा, मग हळदीकुंकवाला यमक जुळवून, एवढंच ते नाव तिने उच्चारलेलं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही. त्याच दिवशी मी ते नाव पुसून ‘अहो’ लिहिलं. तेव्हापासून फोनमधल्या बाईच्या आवाजाला ती रोज अदबीने सांगायची, “दीदीजी, अहो को फोन लगाइए.” जेवलात का, येताना कोथिंबीर आणा... एवढंच बोलणं.

शेवटच्या दिवशीही तिने तेच म्हटलं असणार. फोन लागला. काका पोचले तेव्हा ती शुद्धीत होती. दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, तिचा हात त्यांच्या हातात होता.

परवा मी झाशीला गेले तर तिचा फोन देवांपाशी चार्जिंगला लावलेला.

“अजून कशाला लावता, काका?”

काकांनी तिचा फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि अगदी तिच्यासारखं म्हणाले, “दीदीजी, अहो को फोन लगाइए.”

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला. मी बंद करायला हात पुढे केला...

“वाजू दे,” काका म्हणाले.