मंचरहून आणलेली पिकअप

भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बायांचे अनुभव मी जेवण झाल्यावर हसायला म्हणून वाचतो. माझ्या अनुभवात बाई नाही, पिंपळ नाही, अमावस्याही नाही. सगळं भर दिवसा घडलंय. आणि आठवलं की भीती नाही वाटत... किळस येते. शी! पण एका जुन्या गाडीपायी माझ्या मामांच्या जिवावर बेतलं, ते सांगायला हवं.

पन्नास साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. आम्ही जुन्नरकडच्या डिंगोऱ्याचे. आई-वडील लवकर गेले, मामांनीच मला वाढवलं. शेतातली भाजी बैलगाडीनं ओतूरच्या बाजारात न्यायची म्हणजे उन्हानं निम्मी सुकायची. म्हणून मी जुनी पिकअप घ्यायचं काढलं. मालही जाईल, आणि मामांचं वय होत चाललंय, त्यांनाही कुठं जायचं-यायचं तर सुखानं नेता येईल.

मंचरला एका गाडीवाल्याकडं लष्कराच्या लिलावातली पिकअप उभी होती. बघायला जुन्नरचे गफूरभाई मिस्त्री बरोबर घेतले. मामाही निघाले. बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक आमच्या मामांना सोबत न्यायचे. मामा बैलाचं तोंड उघडून श्वास हुंगायचे आणि आतलं दुखणं अचूक सांगायचे. आणि इथंही तेच! गफूरभाई बॉनेट उघडून इंजिन बघतायत, आणि मामा मागचा फाळका, म्हणजे मागची फळी, पाडून माल भरायच्या हौद्यात नाक खुपसून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नगं रं ही," मामा म्हणाले. "आतनं नासलीया."

"इंजिन एकदम बढिया हाय, मामा," गफूरभाई हसले. "ह्यो काय बैल हाय का, तोंड हुंगायला?"

गाडीवाला हसला. मीही हसलो. त्या हसण्याच्या भरातच मी गाडी घेतली म्हणा ना.

घरी आल्यावर बायकोनं नव्या बैलाला ओवाळतात तसं गाडीला ओवाळलं आणि हौद्यात भाकरी ठेवली. आम्ही चहा प्यायलो. परत येऊन बघतो तर भाकरीवर हिरवी बुरशी... आणि खाली काहीतरी वळवळतंय. मी म्हटलं, पीठ दमट असेल.

"आज सकाळचं दळण हाय, कायबी बोलू नगा," बायको फणकारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुडलेली मेथी भरली. ओतूरला पोचेस्तोवर जुड्यांचा काळा चिखल झालेला, त्यात पांढऱ्या अळ्या. बाजारातली माणसं नाकाला फडकी लावून मागं सरली. "पावणं, उकिरडा इकायला आणला व्हय?" मी हौदा फिनेलनं धुतला, चुना मारला, एवढंच काय, गोमूत्र शिंपडलं... कशावरच विश्वास नसलेल्या माणसानं! गंमत म्हणजे पुढच्या सीटवर ठेवलेली वांगी जशीच्या तशी राहायची. मागं ठेवली की सडलीच. गफूरभाईंनी गाडी खालून-वरून तपासली. या खेपेला ते हसले नाहीत.

विकून टाकायची ना! पण गावात काय तोंड दाखवणार? निवड माझी होती. मी पुढच्या सीटला नवं रेक्झीन चढवलं आणि गाडी फक्त माणसं न्यायला ठेवली.

मग एक दिवस सकाळी नांगरताना मामांच्या पोटरीला फाळ लागला. चार बोटं जखम, रक्त भळाभळा वाहतंय. मी धोतर फाडून पट्टी बांधली आणि गाडी काढली.

"बैलगाडी जुंप," मामा म्हणाले. "ह्यात मला घालू नगंस, बाबा."

"काहीतरीच काय, मामा! तासाभरात जुन्नर गाठतो."

त्यांना मी हौद्यात गवतावर झोपवलं. पाय लांब करता यावा म्हणून, असं सगळ्यांना सांगत आलो. आज खरं लिहितो — नव्या रेक्झीनला रक्त लागेल म्हणून. थू माझ्या जिण्यावर!

जुन्नरच्या दवाखान्यापुढं फाळका पाडला आणि तोच वास तोंडावर आला. पोटरी काळी पडून भोपळ्यासारखी फुगलेली. पट्टी हिरवट, ओली. पट्टीच्या कडेनं अळ्या बाहेर येत होत्या. मामा शुद्धीवर होते, माझ्याकडं बघत होते.

"आठ दिवस म्हाताऱ्याला घरात कुजवत ठेवलंत?" डॉक्टर कडाडले. "माणसं आहात का जनावरं?"

"डॉक्टर, आज सकाळची जखम आहे..."

"वर खोटं बोलतोस?"

मामांनी डॉक्टरांचा हात धरला. "व्हय, डाक्टर. आठ दिस झालं. म्याच लपवलं. पोराला कायबी म्हाईत न्हाई."

मी खाली बघून मान डोलावली.

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. गाडीचे मी तुकडे करून भंगारात घातले. मामा पुढं बरीच वर्षं जगले, पण त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं कितीतरी शिकल्या-सवरल्या माणसांना विचारलं, की तासाभरात जखम आठ दिवसांची कशी होते? कुणाला सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

दवाखान्याच्या कागदावर मात्र सगळं सरळ लिहिलं होतं — जखम आठ दिवसांपूर्वीची, रोग्याने स्वतः लपवली. आणि खाली, नातेवाईक म्हणून, माझी सही.