घडीबाईचे मैल

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या बाईला सगळे घडीबाई म्हणतात, कारण बोलता बोलता हाताखाली येईल त्याची ती घडी घालते. माझं वर्तमानपत्र, औषधाचा कागद, एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या सुताराच्या खिशातून लोंबणारा रुमाल, तोही खिशातच. वय अठ्ठावन्न. लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, आई गेल्यावर दुकान सांभाळलं.

दुकानात शिरलं की आधी वाफ दिसते, मग ती. इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीवर जगाचा नकाशा आहे, वाफेने कडेला पोपडे आलेला. चार वर्षं त्या नकाशावर शर्टाचं एक पांढरं बटण टाचणीला अडकून प्रवास करत होतं.

बँकेने तिला क्रेडिट कार्ड दिलं तेव्हा सोबतची पत्रकं घेऊन ती माझ्याकडे आली. इतकं बारीक अक्षर तिला लागत नाही, आणि मला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी तळटीप आधी वाचायची शिस्त लावलेली. मी वाचून सांगितलं, की कार्डावर खर्च केला की गुण मिळतात, गुणांचे विमान कंपनीचे मैल होतात आणि मैलांवर तिकीट मिळतं.

"म्हणजे साबणाच्या पोत्यावर विमान?" तिने विचारलं.

"साबणावर, विजेच्या बिलावर, कशावरही."

"किती मैल लागतात, काकू?"

"कुठे जायचंय त्यावर."

ती उठून गेली आणि नकाशा नि पट्टी घेऊन परत आली. तेव्हाच मला तिच्या ताईबद्दल पहिल्यांदा कळलं. ताई समुद्रापलीकडे नर्स होती, आता निवृत्त. आईच्या शेवटच्या आजारपणात ती रोज फोनवर म्हणायची, रजा मिळाली की येते. रात्रंदिवस जागून मेटाकुटीला आलेली घडीबाई एका सकाळी तिला म्हणाली, "आता येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही." दुसऱ्या दिवशी आई गेली. ताई आली नाही. बावीस वर्षं दोघींमध्ये नवीन वर्षाच्या शुभेच्छापत्रापलीकडे काही नव्हतं.

"फोनवर बोललेलं फोनवर मागे घेता येत नाही हो," ती म्हणाली. "समोर उभं राहूनच घ्यायला हवं."

आम्ही पट्टी लावली. ताईच्या गावापर्यंत साडेपाच हजार मैल, परत तितकेच. एकूण अकरा हजार. मी डायरीत आकडा लिहून खाली रेघ मारली. मैल म्हणजे मैल, असं आम्ही दोघी धरून चाललो.

मग ती साऱ्या इमारतीच्या मागे लागली. "कोणी काही घेणार आहात का हो?" लोक तिच्या कार्डावर घेत आणि तिथल्या तिथे रोख तिच्या हातात ठेवत. माझ्या कानाच्या यंत्राने बटण किनाऱ्यावरून हललं. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या फ्रिजने ते खोल पाण्यात गेलं. सुताराने भोकं पाडायचं यंत्र घेतलं तेव्हा तो दुकानात येऊन उभा राहिला.

"माझ्या यंत्राने कुठवर आणलं तुम्हाला?"

"इथवर. आजूबाजूला एक बेटही नाही."

"कमाल आहे तुमची, घडीबाई. जन्मभर लोकांचा मळ काढलात, आता स्वतःचे मैल जमवताय."

ओली चादर टेबलावर पसरून इस्त्री फिरवताना ती हळूहळू लांब कुठेतरी जायची. मी खुर्चीवर बसलेली असे, वाफ मधून तरंगत जाई आणि पलीकडून तिचा आवाज येई. "काकू, आज मी आहे ना, तिथे चारी बाजूंना पाणी आहे. अगदी शांत. कोणाचं बिल नाही, कोणाचा डाग नाही." चादरीवरची सुरकुती इस्त्रीपुढे पळत पळत काठाशी जाऊन विरायची.

दोन वर्षांनी बटण ताईच्या गावी टेकलं. तिथे ते महिनाभर तसंच होतं. मैल वाढत होते, पण परतीच्या वाटेवर ते सरकवायला ती विसरायची. मीही आठवण करून देत नसे.

चौथ्या वर्षी अकरा हजार भरले, आणि त्याच आठवड्यात पत्र आलं, की जुने मैल महिनाअखेर बाद होणार. आम्ही दोघी विमान कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने आकडा पाहिला, गावाचं नाव पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"बाई, हे मैल तसे नसतात."

"तसे म्हणजे? मैल किती प्रकारचे असतात?"

"म्हणजे अंतराचे नाहीत, नावालाच मैल. या तिकिटाला साठ हजार लागतील."

माझा चेहरा उतरला. चार वर्षं दर महिन्याला मी तो आकडा डायरीत उतरवत होते आणि एकदाही शंका घेतली नव्हती.

मुलीने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "अकरा हजारात मधल्या बेटापर्यंत जाऊन येता येईल. विमानं इंधनासाठी तिथे थांबतात."

"आणि तिथून पुढे?"

"पुढे समुद्र."

 घरी येईपर्यंत हातातल्या माहितीपत्रकाच्या घड्या घालत घालत घडीबाईने ते नखाएवढं केलं. जिन्यापाशी मी म्हटलं, "अगं, ताईला बेटावर बोलव."

"कसं? फोन करून? आणि नाही आली तर अर्ध्यावर मी कोणाची माफी मागू, माशांची?" मग जरा थांबून, "तुम्ही म्हणे तळटीप आधी वाचता."

चार दिवस ती वर फिरकली नाही. पाचव्या दिवशी दुपारी फोन घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही बसा इथेच." तिने फोन टेबलावर ठेवून त्याचा स्पीकर लावला.

"ताई, मी."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "दुकान आहे का अजून?"

"आहे."

"आवाज म्हातारा झाला तुझा."

"तुझा काय कोवळा आहे?"

 घडीबाईने साबणापासून सगळं सांगितलं, मास्तरांचा फ्रिज, माझा कान, अकरा हजार. "मला मधल्या बेटापर्यंतच येता येतंय. पुढे पुरत नाही."

"थंडी असते का गं तिथे?" ताईने विचारलं.

"मला काय माहीत?"

"बरं. मग स्वेटर आणते. दोन आणते."

पुढचं मला तिने परत आल्यावर सांगितलं. विमानतळाजवळची लहानशी खोली, दोन पलंग, खिडकीत नुसतं निळं. पहिल्याच सकाळी तिने ताईसमोर उभं राहून ते म्हटलं. "मी तेव्हा चुकीचं बोलले. माझं चुकलं."

ताई म्हणाली, "तिकीट काढलं होतं मी. बॅग भरून दाराशी ठेवली होती. तुझा फोन झाला, आणि बॅग रिकामी केली."

 घडीबाई पलंगाच्या कडेवर टेकली. हेच ऐकायला का आपण इतक्या लांब आलो, असं तिला वाटलं. ताईने खुर्ची ओढून तिच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतकी जवळ घेतली.

"आता सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"आईचं. मी नव्हते ना. अंथरूण धरलं त्या दिवसापासून सगळं सांग. घाई करू नकोस."

म्हणून तिने सांगितलं. आई कोणत्या कुशीवर झोपायची, काय गिळता यायचं, कोणाला हाका मारायची, दुपारी ऊन पायांवर आलं की कशी हसायची. ताई मध्येच विचारी, "मग?" किंवा "चादर कुठली होती?" जेवण ताटात गार झालं. त्या दोघी बाहेर पडल्या, समुद्राच्या कडेने चालल्या, आणि चालतानाही आईचा चौथा दिवस, आईचा पाचवा दिवस असंच चाललं होतं.

विमानाची वेळ झाली तेव्हा शेवटचा दिवस सांगायचा राहिला होता. तो ताईने विमानतळाच्या दारात उभ्या उभ्या, तिचा हात धरून ऐकला.