आमच्या गाड्यांना डोळे फुटले तेव्हा

एक मशीन आणून अकरा ड्रायव्हरांच्या तोंडासमोर बसवा, किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. वणीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी हेच झालं. कोळशाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरकडे तोंड केलेले कॅमेरे लागले. कुणी डुलकी घेतली, फोन उचलला, इकडेतिकडे पाहिलं, की ऑफिसात माझ्या स्क्रीनवर फोटो हजर! मालकांचा नियम कडक होता. महिन्यात तीन लाल खुणा, की गाडीवरून खाली.

*

पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने मुकुटबनच्या नामदेवभाऊंना फोन लावला. "भाऊ, गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हं!"

स्क्रीनवर टिंग! नामदेवभाऊ, कानाला फोन. लाल खूण एक.

"ताई, तुमीच फोन करता अन् तुमीच पकडता?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! पण मशीनमधली खूण मला पुसता येत नव्हती.

*

आठवडाभराने पुन्हा नामदेवभाऊच. दोन्ही हात स्टिअरिंगवरून गायब, प्लॅस्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालू!

"भाऊ, हे काय?"

"फोन नको म्हटलं तुमी. खर्र्याचं तं काई बोलल्या नाही!"

लाल खूण दोन.

*

आमचे दुसरे ड्रायव्हर गफ्फारचाचा. त्यांना गाडी चालवताना जांभई आली, तर कॅमेऱ्याच्या मशीनमधली बाई म्हणाली, "कृपया विश्रांती घ्या." चाचांनी पांढरकवड्याजवळ गाडी बाजूला लावली आणि चार तास ताणून दिली. मालक भडकले.

चाचा शांतपणे म्हणाले, "सेठ, तुम्हारीच बाई बोली ना, आराम करो!"

*

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या स्क्रीनवर अकराही फोटो लालभडक! प्रत्येकाने कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू लावलेलं.

मालक ओरडले. नामदेवभाऊ म्हणाले, "साहेब, दिवसभर डोये फाडून पाह्यते बिचारा. त्याले कसं वगळाचं?"

*

पण नामदेवभाऊंचा एक फोटो रोज यायचा. मुकुटबनच्या अलीकडचं तेच वळण, आणि मान डावीकडे. क्षणभराचीच नजर, म्हणून मशीन पिवळी खूण द्यायचं आणि मी ती बाजूला ठेवायचे. एक दिवस मालकांनी पाहिलंच. "रोज एकाच जागी? ही तिसरी लाल खूण समज!"

कपाशी अळीने खाल्लेली, नामदेवभाऊंचं घर त्या पगारावरच चाललेलं. आणि पहिली खूण तर माझ्यामुळेच लागलेली!

नामदेवभाऊ म्हणाले, "साहेब, तिथं माहं वावर हाय. फोन तं तुमी बंद केला. मंग बायको वावराच्या कडेले, धुऱ्यावरच्या बाभळीवर लुगडं टाकते. हिरवं असलं तं सारं बरं. लाल असलं तं उरल्या बोंडातही अळी."

"काहीही सांगतो! समोर पाहून गाडी चालवता येत नाही काय?" मालक एकेकाळचे ड्रायव्हर. "उद्या मीच चालवतो. तू बाजूले बस."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून स्क्रीनला चिकटून बसले. वळण आलं. टिंग!

फोटोत नामदेवभाऊ बाजूच्या सीटवर, नजर सरळ रस्त्यावर. आणि स्टिअरिंगवर मालक, पूर्ण मान डावीकडे!

संध्याकाळी ते परतले. मी फोटो समोर धरला. "साहेब, ही खूण कुणाच्या नावावर टाकू?"

मालकांनी फोटोकडे पाहिलं, चपला काढल्या आणि केबिनमध्ये जाता जाता म्हणाले, "हिरवं होतं."