दुसरा घाव

आमच्या बाईंना घाई केलेली खपत नसे. आंबीच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत त्या सगळ्यांत ज्येष्ठ. मी कंत्राटावर लागलेली, कुसगावहून स्कूटरने येणारी आणि जिभेला हाड नसलेली. माणसाच्या पेशींतलं एखादं जनुक बंद पाडायचं आणि त्याच्यावाचून पेशीचं काय अडतं ते पाहायचं, हे आमचं काम.

नेहमीची रीत सोपी आहे. कापणारं एक प्रथिन पेशीत सोडायचं आणि त्याला जागा दाखवायला आरएनएचा एक तुकडा द्यायचा. या तुकड्याला आम्ही गाईड म्हणतो. प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे एका झटक्यात तोडतं, पेशी ते घाईघाईने जोडते, सांधा वाकडा बसतो आणि जनुक बंद पडतं. गोची एवढीच, की गाईड कधीकधी मिळत्याजुळत्या भलत्याच जागी जातो आणि तिथेही तोडफोड होते.

बाईंना ती तोडफोड सहन होत नसे. त्या निकेज वापरत. हे प्रथिन एकच धागा कापतं, म्हणून दोन गाईड द्यायचे, समोरासमोरच्या धाग्यांवर, जवळजवळ. दोन्ही बसले तरच डीएनए तुटतो. भलतीकडे एकटी चीर पडलीच, तर पेशी दुसऱ्या धाग्यावर बघून ती बहुतेक वेळा नीट बुजवून टाकते.

पहिल्या दिवशी बाईंनी मला हे त्यांच्या बेडशाच्या शेतावरून समजावलं होतं. त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या सामाईक बांधावर झाडं आहेत. त्यातलं एखादं तोडायचं तर एक घाव यांनी आपल्या शेतातून घालायचा, दुसरा शेजाऱ्यांनी त्यांच्या शेतातून. शेजारी आला नाही तर झाड उभंच राहतं आणि घावाची खाच हळूहळू भरून येते. एवढी शिकलेली बाई असं बोलते, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

मग एका जनुकावर आमचं घोडं अडलं. गाईड बाईंनी निवडलेले, पेशींत सोडणारे हात माझे. पेशी टवटवीत, जनुकही जसंच्या तसं. पुन्हा पुन्हा केलं, तेच. आमच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुझा हात बसलाय ना यात?" माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. बाहेर येऊन मी पिपेटच्या टिप्सचा डबा टेबलावर आपटला. "माझं काही चुकत नाहीये!" बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

सोमवारच्या बैठकीत सर म्हणाले, निकेजचा नाद सोडू, काम दुसऱ्या कुणाला देऊ. बाई उठल्या. त्यांनी फळ्यावर दोन समांतर रेघा ओढल्या आणि आमच्या दोन्ही गाईडच्या जागा दाखवल्या. दोन्ही वरच्याच रेघेवर होत्या.

"काल रात्री बसून तपासलं. दोन्ही मी एकाच धाग्यावर निवडले," त्या म्हणाल्या. "दोन्ही घाव आमच्याच शेतातून. झाड पडेल कसं? हिचा हात चोख आहे. चूक माझी."

एवढं बोलून त्या चहा घ्यायला गेल्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्या गप्प बसल्या असत्या, तर सगळ्यांनी माझाच हात वाईट ठरवला असता आणि त्यांच्या नावाला धक्काही लागला नसता. चूक इतकी सरळ, मान खाली न घालता सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना.

सरांनी माझं कंत्राट वाढवलं, पण या प्रयोगाचा निकाल लागेपर्यंतच. बाईंनी नवा नियम केला: दोन्ही गाईड एकाच माणसाने निवडायचे नाहीत. पहिला त्यांचा, दुसरा माझा. मी इतकी पारखत बसले की त्या म्हणाल्या, "अगं, नवरा नाही निवडायचा."

पेशी वाढल्या. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन त्यांत आहे का ते तपासलं; असलं तर पट्टीवर काळी रेघ उमटते. साध्या पेशींच्या रांगेत ठसठशीत काळी रेघ होती, आमच्या पेशींच्या रांगेत काहीच नाही. त्या कोऱ्या जागेकडे आम्ही दोघी वेड्यासारख्या बघत राहिलो. कंत्राटाची आठवण मला नंतर झाली.

बाईंनी तिथूनच बेडशाला वडिलांना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"आबा, पडलं झाड!"

"व्हय? लय दिस लागलं गं. आन् दुसरा घाव कुनी घातला?"

"तूच सांग," म्हणत बाईंनी फोन माझ्या हातात दिला.