मध्यंतरातली रांग

रूथ साळवे गेल्याचं तिच्या मुलीने, नेहाने, मला फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर बुधवारी एक नर्स रक्तदाब तपासायला येते, तिच्यासमोर मी बसलो होतो. डाव्या दंडाला पट्टा आवळलेला, उजव्या हातात फोन. "काका, मम्मा गेली," नेहा म्हणाली. "अंकल, बोलिए मत, रीडिंग ग़लत आएगी," नर्स म्हणाली. मी बोलतच नव्हतो. तिने आकडा पाहिला आणि मला पाच मिनिटं बसून राहायला सांगितलं. मी अर्धा तास बसलो.

आठवड्याने चर्चमध्ये प्रार्थनासभा झाली. बाहेर चहा घेताना नेहा जवळ आली. "काका, तुम्ही मम्माबद्दल लिहा ना काहीतरी. तुम्ही तिचे बॉस होता. मला तिच्या ऑफिसचं एवढंच माहीत आहे, की तिने एकदा एक गलत सिनेमा लावला आणि मग पानिपत. ती स्वतःच म्हणायची, माझं जजमेंट चुकलं यार." मी "हो, लिहितो" म्हणालो, कप ठेवला आणि रिक्षा शोधायला निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. जजमेंट रूथचं चुकलं नव्हतं. हे पक्कं ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे, आणि परवा मला समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांचं नाव दहा मिनिटं आठवत नव्हतं. तेव्हापासून एक धास्ती बसली आहे. म्हणून हे आता लिहितो आहे.

आमची कंपनी लहान होती. गाझियाबादला चार पडद्यांचं एक सिनेमागृह आणि पानिपतला दोन पडद्यांचं. कोणता सिनेमा कोणत्या पडद्यावर किती वाजता लावायचा, हे ठरवणं माझं काम. रूथ माझ्या हाताखाली आली तेव्हा तिशीची असेल. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे नगरकडचे. ती मात्र दिल्लीतच वाढलेली. "सर, ऑफिसात मराठी बोलायला मिळणार? बिल्कुल लॉटरी लागली," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. पुढे बारा वर्षं आम्ही चौघांत बसूनही आपसात मराठीत बोलायचो, बाकीच्यांना अक्षर कळायचं नाही. मालक चिडवायचे, "ये मराठे फिर साज़िश कर रहे हैं. पानिपत भूल गए क्या?" आम्ही हसायचो. हे हसणं पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

रूथची एक सवय मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. आम्ही सगळे तिकीट खिडकीचा आकडा बघायचो. ती मध्यंतरात बायकांच्या टॉयलेटपाशी जाऊन उभी राहायची. रांग किती लांब आहे, रांगेत आया आहेत की कॉलेजच्या मुली, त्या सिनेमाबद्दल बोलताहेत की घरच्या भाजीबद्दल... "सर, तिकीट कोणीही काढतं. नवरा काढतो, भाऊ काढतो. बघायला कोण आलंय ते इथे कळतं," ती म्हणायची. आणि रांग मोठी असली की ती वॉकीटॉकीवरून प्रोजेक्शन रूममध्ये राजपालजींना सांगायची, "राजपालजी, दो मिनट रोकिए, लेडीज़ बाहर हैं." राजपालजी थांबवायचे. आत पुरुष शिट्ट्या मारायचे, पुढचा शो उशिरा सुटायचा आणि मालकांचा फोन मला यायचा.

मग तो सिनेमा आला. परदेशी, हिंदीत डब केलेला, सुपरहिरोचा. फक्त हिरोच्या जागी बाई. त्याच शुक्रवारी आपल्याकडच्या एका मोठ्या नटाचा सिनेमा लागणार होता. मालक म्हणाले, "लड़कियों की पिक्चर है, सुबह-रात निकाल दो." मी बाईच्या सिनेमाला दोन शो दिले, सकाळी नऊचा आणि रात्री पावणेअकराचा. रूथ कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"सर, सकाळी नऊला कोण बाई सिनेमाला येईल? नऊला तिच्या कुकरच्या शिट्ट्या चालू असतात."

"मग रात्री येतील."

"आणि पावणेदोनला घरी कशा जातील? तुम्ही सोडायला जाणार?"

"रूथ, सिनेमा काही फार ग्रेट नाहीये. मी पाहिलाय."

"मीपण पाहिलाय. ठीकठाक आहे. पण हिरोचे ठीकठाक सिनेमे आपण सकाळी नऊला लावतो का?"

मी मालकांकडे बोट दाखवलं. मालकांकडे बोट दाखवणं ही माझी नोकरीतली सर्वांत जुनी सवय होती.

शुक्रवार आणि शनिवार आमच्या धंद्यात जीव मुठीत धरून बसायचे दिवस. संगणकावर खुर्च्यांचा नकाशा असतो, विकली गेलेली खुर्ची रंग बदलते. रूथ दर पंधरा मिनिटांनी तिच्या सिनेमाचा नकाशा उघडायची आणि एकाही खुर्चीचा रंग बदललेला नाही हे बघून बंद करायची. नखं खायची. मीही मनातून घाबरलेलो होतो, पण माझी भीती वेगळी होती. सिनेमा पडला तर वेळा कोणी लावल्या, हा प्रश्न निघेल... आणि खरं सांगायचं तर तो चालला असता, तरीही हाच प्रश्न निघाला असता.

शनिवारी संध्याकाळी तीन नंबरच्या पडद्यावर मोठ्या नटाच्या सिनेमाची फाइल उघडेना. तंत्रज्ञ रविवारी दुपारी चारला येणार होता. मालक लग्नाला जयपूरला गेलेले. रूथने मला विचारलं, "सर, उद्याचा सव्वाचा शो रिकामा ठेवायचा की माझा लावू?" मी म्हणालो, "लाव." हा शब्द मी उच्चारला होता. आज इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहे.

रविवारी दुपारी सव्वाला तो शो लागला. मध्यंतरात रूथने मला केबिनमधून जवळजवळ ओढत बाहेर आणलं. बायकांची रांग टॉयलेटपासून निघून पॉपकॉर्नच्या काउंटरला वळसा घालून जिन्यापर्यंत गेली होती. आया, मावश्या, शाळेतल्या मुली, लग्नाचा लाल चुडा अजून हातात असलेल्या दोन तरुण बायका. स्वेटर घातलेल्या साठीच्या एका बाईंनी रूथचा हात धरला आणि पडद्यावरच्या त्या बाईबद्दल विचारलं, "बेटा, इसको कुछ होगा तो नहीं ना?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. रूथ म्हणाली, "आंटी, अंदर जाके देखना पड़ेगा." मग वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि राजपालजींना थांबायला सांगितलं. मी घड्याळ बघितलं.

"रूथ, पुढचा शो उशिरा सुटेल."

"सर, घड्याळ नंतर. आधी रांग बघा."

"बघितली," मी म्हणालो.

सोमवारच्या बैठकीत मालक आले ते तापूनच. मोठ्या सिनेमाच्या वितरकाने तक्रार केली होती: आमच्या वेळेला दुसरा सिनेमा लावलाच कसा? मी आदल्या संध्याकाळीच एकपानी टिपण तयार केलं होतं. त्यात नऊच्या आणि पावणेअकराच्या शोचे आकडे होते आणि खाली एक वाक्य होतं: बाईच्या सुपरहिरो सिनेमाला आपल्या भागात प्रेक्षक नाही. रविवारच्या दुपारचा शो त्यात नव्हता. तो घातला असता तर पुढचा प्रश्न सरळ होता, की मग सकाळी नऊला लावलात कशाला? रूथने टिपण वाचलं. टेबलाभोवती आम्ही सहाजण होतो. ती माझ्याकडे बघून हळूच, मराठीत म्हणाली, "सर, संडेचा शो राहिला."

मराठीत म्हणाली, हे मला पुढे फार छळत आलं आहे. तिला मला उघडं पाडायचं असतं तर ती हिंदीत बोलली असती. तिने मला वाट करून दिली होती. मी "अरे हो" म्हणून पेनाने एक ओळ वाढवली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मी उत्तर दिलं ते हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "वो एक्सेप्शन था, रूथ. उसको गिनना ठीक नहीं." मालकांनी मान वर केली. "वो शो लगाया किसने?" मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिलो. रूथ म्हणाली, "मैंने, सर."

महिन्याभरात तिची बदली पानिपतला झाली, ड्यूटी मॅनेजर म्हणून. सिनेमे निवडायचं काम गेलं. एसी चालतोय का, खुर्च्या पुसल्यात का, एवढंच उरलं. मालक म्हणाले, "मराठा है, पानिपत तो जाएगी ही." सगळे हसले. मीही हसलो. ती पुढे सात वर्षं गाझियाबादहून भल्या पहाटे निघून पानिपतला जात राहिली. तेव्हा नेहा शाळेत होती. तिचा डबा रूथ आदल्या रात्री भरून ठेवायची, असं मला नंतर कळलं. आणि माझं टिपण? ते कंपनीत कायद्यासारखं झालं. बाई मध्यवर्ती असलेला असा कोणताही सिनेमा आला की कोणीतरी म्हणायचं, "जोगळेकरजी का नोट देखो," आणि त्या सिनेमाला सकाळी नऊचा शो मिळायचा. मग तो पडायचा आणि माझं टिपण आणखी खरं ठरायचं. नटाचा सिनेमा पडला की आम्ही म्हणायचो, परीक्षा होत्या, मॅच होती, गोष्ट ढिली होती. बाईचा पडला की एकच कारण पुरायचं.

आमचं येणंजाणं थांबलं नाही, हेच विचित्र. मराठी मंडळाच्या नाटकांना ती यायची, नाताळात माझ्याकडे करंज्या पाठवायची. त्या सोमवारबद्दल एक अक्षर काढलं नाही. दर भेटीआधी मला वाटायचं, की आज विचारेल. ती विचारायची नाही आणि मी सुटल्यासारखा घरी यायचो.

विचारलं ते शेवटच्या भेटीत. आजारपणात ती फार बारीक झाली होती. गाझियाबादच्या वसुंधरा भागातल्या घरी खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. त्या सुमाराला आपल्याकडचाच, दक्षिणेतला एक सिनेमा जोरात चालला होता, सुपरहिरो बाईचा. वर्तमानपत्रात आलं होतं की हे यश अनपेक्षित आहे. रूथने मला ती बातमी दाखवली. "अनपेक्षित! कोणाला, सर? रांगेतल्या बायकांना तर नाही," असं म्हणून ती हसली आणि हसता हसता खोकली. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, एक विचारू? त्या संडेला रांग जिन्यापर्यंत होती ना? तुम्ही बघितली होती ना?"

"बघितली होती."

"बस. मला मधेमधे वाटायचं, मीच मनाने वाढवून ठेवली की काय..."

सात वर्षं पानिपतच्या गाडीत बसून ही बाई स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होती. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, की रूथ, ते टिपण खोटं होतं आणि "लाव" मी म्हणालो होतो. तेवढ्यात कामवाली चहा घेऊन आली. मी चहा घेतला. साखर कमी आहे का, असं रूथने विचारलं. बरोबर आहे, म्हणालो.

तर नोंद अशी दुरुस्त करावी. रविवारचा तो शो भरत आला होता. तो माझ्या परवानगीने लागला होता. टिपणातून तो मी गाळला, आणि गाळताना मला माहीत होतं की मी काय करतो आहे.

हे मराठी मंडळाच्या अंकात छापून येण्याआधी नेहाला तोंडी सांगणं भाग होतं. घरी जाऊन सांगायचा धीर होईना. गेल्या रविवारी तिलाच म्हटलं, चल, सिनेमाला जाऊ. मॉलमध्ये असाच एक नवा सिनेमा लागला होता, दुपारचा शो, उडणारी बाई. पूर्वार्धात पडद्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. मध्यंतर झालं, नेहा उठून गेली आणि मी तिच्या मागोमाग बाहेर आलो. रांग होती. पॉपकॉर्नच्या काउंटरपर्यंत. नेहा शेवटून पाचवी-सहावी. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, टिपण, "लाव", सोमवार, पाण्याचा ग्लास. पुढच्या दोघी-तिघींनी वळून बघितलं. नेहा माझ्याकडे बघत नव्हती. रांग दोन पावलं पुढे सरकली, तीही सरकली, मीही.

"मम्माला माहीत होतं, की तुम्हाला सगळं माहीत आहे?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तरी ती मला म्हणायची, माझं जजमेंट चुकलं." ती रांगेबरोबर आणखी एक पाऊल पुढे सरकली. मग म्हणाली, "लिहा, काका. जसं सांगितलंत तसंच लिहा. मराठी वाचायला मला टाइम लागेल, पण मी वाचेन... आता आत जा तुम्ही. सुरू होईल."

खरंच सुरू झालं. दारातून आवाज आला. दाराशी वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी उभी होती. मी तिला म्हणालो, "बेटा, दो मिनट रुकवा दो." ती नम्रपणे म्हणाली, "सर, अब सिस्टम से चलता है, अपने आप." राजपालजींची खोलीच आता उरलेली नाही. रांगेत अजून नऊ-दहाजणी होत्या. मी प्रेक्षागृहाचं जड दार ओढून उघडलं आणि पाठीने रेटून धरलं. बाहेरचा उजेड आत गेला, पडद्यावरचं चित्र फिकट झालं, आणि अंधारातून कोणीतरी ओरडलं, "अंकल, दरवाज़ा बंद करो यार!"

"दो मिनट," मी आत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "लेडीज़ बाहर हैं."