डाव्या डोळ्याला लावलेलं भिंग

निम्मा लसूण सोलून झाला आणि भिंगकाका ताट बाजूला सारून पुन्हा आरशापुढे उभे राहिले. उजव्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली. आत तो गुलाबी, लुसलुशीत पट्टा तसाच होता, हिरडीसारखा.

"आरसा झिजेल हो," काकू चुलीपाशीच बोलल्या. "मला नाही कधी एवढं न्याहाळलंत."

काका हसले नाहीत. सकाळीच दवाखान्यातून आले होते.

बत्तीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, उजव्या डोळ्याला भिंग लावून. म्हणून तर सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. डोळा लाल दिसू लागला तेव्हा त्यांनी दोष भिंगाला दिला. "कड घासतेय," म्हणाले, आणि भिंग डाव्या डोळ्याला लावायला शिकू लागले. डॉक्टरकडे जायचं सोडून अख्खं वर्ष डाव्या डोळ्याला वळण लावण्यात घालवलं. तो काही वळला नाही. हात एकीकडे जाई, नजर दुसरीकडे. केसाएवढ्या तीन स्प्रिंगा तुटल्या.

शेवटी दवाखान्यात त्या पट्ट्याचा तुकडा काढून तपासला. डोळ्याच्या पृष्ठभागावरचा लिम्फोमा निघाला. क्वचितच होणारा, सावकाश वाढणारा कॅन्सर.

"दोनच दिवस किरण देऊ, अगदी थोडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पुष्कळांना तेवढ्याने भागतं."

दोन दिवसांचं ते काम, दुखलंसुद्धा नाही. काकूंनी देवापुढे डोकं टेकलं. काकांनी मात्र दिवस मोजायला घेतले. आज तीन महिने झाले.

"फारसा फरक नाही," डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या. "काहींना वेळ लागतो. अजून दोन महिने पाहू. नाहीच गेलं तर किरणांचा मोठा कोर्स."

"मोठ्या कोर्सनंतर भिंग लावता येईल?"

"गाठ जाईल. पण डोळा कोरडा पडू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. बारीक कामाचं मी वचन देणार नाही."

दोघं परत निघाली. काकू म्हणाल्या, "जीव वाचतोय ना? देवाने तेवढं ऐकलं."

"जीव वाचवून करू काय त्याचं? लसूण सोलू?"

काकूंच्या मनात चाललेलं देवाचं नाम मध्येच तुटलं.

दुपारी फोन वाजला. शाळेतल्या जुन्या बाई. त्यांच्या वडिलांचं चावीचं घड्याळ काकांनी चार महिन्यांपूर्वी उघडलं होतं आणि डोळा बरा झाला की जोडू म्हणून सुटे भाग बशीखाली झाकून ठेवले होते. दुसऱ्या कुणाला ते दिलं नव्हतं.

"घाई नाही हो मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरे झालात की द्या."

काकांनी उजवा डोळा पुसला. भिंग न लावताही त्याला पाणी येतच होतं.

"नको, बाई. थांबू नका माझ्यासाठी."

फोन ठेवून त्यांनी सुटे भाग एकेक करून कागदात बांधले, वर पेन्सिलीने बाईंचं नाव लिहिलं. काकू बघत होत्या, पण अडवलं नाही.

उद्या सकाळी दहाला बाईंच्या घरी जायचं आणि घड्याळ तसंच, न जोडलेलं परत करायचं.